देवळाचं आमेन

१५ जून, रविवार

देवळाचं काम कमिटीत पास!! अजून विश्वास बसत नाहीये.

शमुवेलकाका शेवटपर्यंत अडून बसले होते. अध्यक्ष आहेत, त्यांना अडावंच लागतं. "पोरी, देऊळ हाय का टॉकीज हाय हे?" (चर्चला गावात सगळे देऊळच म्हणतात.) मी लॅपटॉपवर पुण्यातल्या एका चर्चचे फोटो दाखवले, आधीचे आणि नंतरचे. वर सीलिंग, भिंतींना आवाज शोषणारे पॅनल, वेदीमागे मरून रंगाचा पडदा, दगडी फरशीवर कार्पेट, नवे स्पीकर. काका म्हणाले, पुण्याचं पुण्यात.

मग पारूमावशी उठली. तिला एका कानाने काहीच नाही आणि दुसऱ्याने अर्धंच ऐकू येतं. म्हणाली, "लगीन होऊन आल्यापासून हिथं बसते. पाळक काय सांगतो ते घरी गेल्यावर सुनंला इचारते. नुसतं घुमतं बाई. सून सांगती ते तिच्या सोयीचं सांगती." सगळे हसले. तिथेच पास झालं.

पाळकसाहेब तर कधीचेच तयार होते. नवीन आहेत, त्यांनाही वाटतंच की उपासना ऐकू आली पाहिजे.

घरी येऊन पप्पांना सांगितलं. पेपर वाचत होते. "बरं," म्हणाले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

आईचं नाव कोनशिलेवर नको, हे मीच सांगून टाकलं. कोणासाठी चाललंय ते मला माहीत आहे. बस.

१९ जून

मराठीत लिहितेय, कारण आई म्हणायची, "इंग्लिश मीडियमला घातलं ते नोकरीसाठी. रडायचं-बिडायचं मराठीत." ऱ्हस्व-दीर्घ गेलं खड्ड्यात.

एक गोष्ट लिहून ठेवते, पुसट व्हायला नको. नगरचा दवाखाना, शेवटचा शुक्रवार. आईने मास्क खाली ओढला आणि म्हणाली, "आपलं देऊळ लई घुमतं गं. तेवढं..." सिस्टर आली, ओरडली, मास्क वर. दुसऱ्या दिवशी आई गेली.

तेवढं काय? मला तेव्हाच कळलं. आख्खं आयुष्य गायन मंडळात सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. मागे कोणी बेसूर झालं की मान न वळवता तिला कळायचं कोण ते. आणि तिचं सगळं गाणं त्या घुमण्यात घोळ होऊन जायचं. तेवढं नीट करा. दुसरं काय असणार?

२९ जून, रविवार

जुन्या देवळातली शेवटची उपासना. पुढच्या रविवारपासून शाळेच्या वर्गात बसायचं, काम संपेपर्यंत.

पाळकसाहेबांनी शेवटचा आशीर्वाद दिला. सगळे म्हणाले, आमेन. आणि मग नेहमीसारखं सगळे थांबले. डोळे मिटून, न हलता. आपलं आमेन आधी वर आढ्यात जातं, मग मागच्या दगडी भिंतीकडून उतरत येतं, जरा उशिरा, जाड होऊन. ते आल्यावरच डोळे उघडायचे. त्याला 'देवळाचं आमेन' म्हणतात. नगरच्या चर्चमध्ये असं काही नाही. हॉस्टेलला असताना पहिल्या रविवारी मी एकटीच डोळे मिटून उभी राहिले होते, मुली हसल्या होत्या.

लहानपणी मला वाटायचं वर कोणीतरी राहतं आणि त्याला जरा कमी ऐकू येतं, पारूमावशीसारखं.

आज पप्पांनी सगळ्यात शेवटी डोळे उघडले.

८ जुलै

सामान आलं! टेम्पो चिखलात रुतला, ढकलायला गायन मंडळ. डेव्हिड (आतेभाऊ, ढोलकीवाला) म्हणे, "ताई, एवढा जोर तर नाताळला पण लागत नाय."

सीलिंगचं काम इम्रानभाईंकडे. श्रीगोंद्याला कारखान्याच्या ऑफिसचं काम करून आलेत, तिथले फोटो दाखवत होते. आत येऊन एक टाळी वाजवली, ऐकलं, मग दुसरी. "आवाज मारायचाय ना मॅडम? मरून जाईल. टाचणी पडली तर टाचणीच ऐकू येणार."

त्यांच्या धंद्यात असंच म्हणतात, आवाज मारायचा. भारी वाटलं ऐकायला.

१७ जुलै

दुपारी पप्पा डबा घेऊन आले. मी म्हटलं नव्हतं आणा म्हणून. पॅनलचे गठ्ठे भिंतीला लावून ठेवलेत, त्यातल्या एकावर हात फिरवला.

"मऊ हाय."

"तेच तर. आवाज याच्यात जातो आणि जिरतो. परत येत नाही."

"कुठं जातो मग?"

"कुठंच नाही पप्पा. संपतो."

"हां," म्हणाले. वर बघितलं, बांबूंची परांची आढ्यापर्यंत गेलीय. मग म्हणाले, "जेवून घे, पिठलं गार झालं की घट्ट हुतं." मी जेवले आणि सगळं संपवलं. ते समोर बसून बघत होते.

आई गेल्यापासून घरातला स्वयंपाक पप्पाच करतात. कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केली, त्यामुळे मीठसुद्धा मापात टाकतात. आई अंदाजाने टाकायची आणि वर भांडायची.

६ ऑगस्ट

सीलिंगचा सांगाडा झाला. आढं आता दिसत नाही. मध्ये दोन दिवस पावसाने काम बंद होतं.

शमुवेलकाका रोज येऊन काहीतरी नाव ठेवतात आणि जाताना फोटो काढून नेतात. त्यांचं स्टेटस बघितलं. "आमच्या मंदिराचे काम प्रगतीपथावर."!!

२४ ऑगस्ट

दमले. पण छान दमले. रात्री झोप येते हल्ली.

१२ सप्टें.

पडदा लागला. मरून. वेदीवरचा जुना क्रूस पॉलिश होऊन आला, त्यामागे पिवळे लाइट. मी मागच्या भिंतीशी उभी राहिले आणि डेव्हिड पुलपिटवरून माइकशिवाय हळूच म्हणाला, "सलोमीताई, चहा सांग." शब्द न् शब्द ऐकू आला.

रडू आलं. आई, झालं बघ.

२१ सप्टें., रविवार

आज नव्या देवळाचं समर्पण. नगरहून मोठे साहेब आले होते. हार, नारळाच्या रोपांचं वाटप, सगळं.

क्रमाने लिहिते.

बायबलचं वाचन पाळकसाहेबांच्या मिसेसनी केलं. मध्येच पारूमावशी हुंदके द्यायला लागली. सून घाबरली, "काय झालं आत्या?" मावशी एकदम मोठ्यांदा, "गप बस, मला आईकू दे!" सगळं चर्च हसलं आणि रडलं. नंतर तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "पोरी, आज पयल्यांदा देवाचं बोलणं सुनंच्या तोंडानं न्हाई आईकलं." यापेक्षा मोठं बक्षीस मला कोणी देऊ शकत नाही. खरंच.

मग शेवटचा आशीर्वाद. सगळे म्हणाले, आमेन.

आणि सगळे थांबले, डोळे मिटून.

काहीच आलं नाही.

मी सीलिंग निवडलं, पॅनल निवडले, सगळं मला माहीत होतं. तरी मी पण थांबले होते. कोणीतरी खोकलं. एक बाळ "आई" म्हणालं, तेही स्वच्छ ऐकू आलं. पाळकसाहेब जरा वेळ थांबले, मग माइकवर म्हणाले, "सूचना अशा आहेत की..." लोकांनी डोळे उघडले, एकमेकांकडे बघितलं.

पप्पांनी उघडले नाहीत. सूचना संपल्या, मोठ्या साहेबांचं भाषण झालं, लोक प्रीतिभोजनाला मांडवात गेले. मी मोठ्या साहेबांबरोबर फोटोत होते. वळून बघितलं तर पप्पांची जागा रिकामी.

जेवायला नव्हते. घरी आले तर झोपले होते, भिंतीकडे तोंड करून. "गुडघा दुखतोय," म्हणाले.

५ ऑक्टो., रविवार

पप्पा आजही आले नाहीत. मागच्या रविवारी गुडघा. आज म्हणे शेतात पाणी सोडायचंय. रविवारी! आई असती तर हातातलं फावडं काढून घेतलं असतं.

चर्चमध्ये सगळे विचारतात, "तात्या न्हाई आले?" मी सांगते, पाय दुखतो. मला रागच येतोय त्यांचा. सगळ्या गावाने कौतुक केलं, सोनईहून लोक बघायला आले. यांनी एक शब्द काढला नाही. चांगलं-वाईट काहीच नाही.

गाणी पण जरा कशीतरी होतायत. आवाज तोंडातून निघतो आणि पुढ्यातच पडतो. प्रत्येकाला स्वतःचाच आवाज ऐकू येतो, म्हणून सगळे हळू गातात. डेव्हिड म्हणाला, सवय होईल.

१२ ऑक्टो., रविवार

आज अक्षर वाईट येईल.

चर्च सुटल्यावर घरी न जाता सरळ शेतावर गेले. आज भांडायचंच ठरवलं होतं. मोटर बंद होती. पप्पांची सायकल विहिरीजवळ. पप्पा कठड्यावर पोट टेकून, आत वाकलेले. अर्धे आत.

मी ओरडले नाही. ओरडले तर दचकून पडतील असं वाटलं. चपला काढल्या आणि पळाले. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं.

"आमेन."

आणि विहिरीतून, खालून, "आमेन."

मग ते थांबले. डोळे मिटलेले. मग परत.

मी मागून शर्ट धरला. ते दचकले नाहीत. म्हणाले, "पडत न्हाय मी. सोड, बटन तुटंल."

बांधावर बसलो दोघं. मी रडत होते, ते गवताची काडी मोडत होते. मी विचारलं, "आईला ते घुमणं नको होतं ना? शेवटी तेच म्हणाली ना ती?"

"कोन म्हनलं तुला?"

"मला म्हणाली. देऊळ लई घुमतं गं, तेवढं..."

पप्पांनी काडी मोडायची थांबवली. मग जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"तू चहाला खाली गेल्तीस. तिनं मला परत सांगितलं. म्हनली, रविवारी फोन चालू ठेवून देवळात बसा. मला तेवढं आमेन आईकवा. आपलं देऊळ लई घुमतं, तसं कुठंच घुमत न्हाई."

रविवार आलाच नाही. शनिवारी...

घुमतं. मी पारूमावशीचं घुमतं ऐकलं होतं. आईचं वेगळं होतं. शब्द तोच. मला वाटलं तक्रार आहे. ती मिरवत होती.

"पप्पा, मग तुम्ही बोलला का नाहीत? पॅनल बघितले होते तुम्ही, हात लावला होता!"

"तू जेवलीस त्या दिवशी."

"काय?"

"तुझी आई गेल्यापास्नं पयल्यांदा पोटभर जेवलीस. डबा पुसून. म्हनलं, चाललंय पोरीचं तर चालू दे." काडी टाकून दिली. "आन मला वाटलं, एवढं मोठं देऊळ, थोडं तरी र्‍हाईल."

१४ ऑक्टो.

ऑफिसला रजा. डोकं जड.

आईची सगळी रेकॉर्डिंग शोधली. फोन, जुना फोन, डेव्हिडचा फोन, व्हॉट्सअॅपवरचे नाताळचे व्हिडिओ. गाणं आहे, ढोलकी आहे, आई आहे, हिरवी साडी. शेवटी सगळे म्हणतात, आमेन. आणि व्हिडिओ बंद.

प्रत्येक व्हिडिओ. सगळे आमेनलाच बंद करतात. साहजिक आहे, संपलं असं वाटतं.

देवळाच्या आमेनमध्ये पप्पा काय ऐकायचे ते मी विचारलं नाही. आई पुढे उभी राहायची, तिचा आवाज सगळ्यांत वरचा. परत येताना तोच आधी यायचा. ती गेल्यावरसुद्धा त्यांना त्यात ऐकू येत असेल. किंवा नसेल. विचारायची हिंमत नाही.

२ नोव्हें., रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, कमिटीपुढे मांडू या. मग हळूच, "सलोमी, मला पण ते आमेन आवडायचं. पण माझा उपदेश आता लोकांना कळतो गं. मागच्या बाकावरचे प्रश्न विचारायला लागलेत."

हे पण खरंच आहे.

९ नोव्हें., रविवार

कमिटी.

शमुवेलकाका: "आधी देवळाचं टॉकीज केलं, आता टॉकीजचं देऊळ करायचं. उद्या म्हनशील पत्रे काढा, पाऊस आत येऊ द्या." बरोबर आहे त्यांचं. मी मान खाली घालून बसले.

मी म्हटलं, सगळं नको. मागच्या भिंतीचे पॅनल आणि मागच्या अर्ध्या भागाचं सीलिंग, एवढंच काढू या. पुढचं राहू दे.

पारूमावशी उठली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. "तुज्या आईची मी मैतरीन. तिच्या मातीला मी तुज्याआधी रडले. पर पोरी, मला परत बहिरी नगं करू."

पाळकसाहेब म्हणाले, नव्या वर्षात, जानेवारीच्या मीटिंगला हात वर करून ठरवू.

बाहेर मावशीने माझ्या हातात दोन पेरू कोंबले आणि निघून गेली.

२० नोव्हें.

इम्रानभाईंना फोन केला. खूप हसले. "मॅडम, पहले मारो बोले, आता जिवंत करा म्हणता? माझ्या धंद्यात मेलेलं उठत नाही. तुमच्यात उठतं म्हणे." मग सीरियस झाले. मागचं काढता येईल. पण पुढे कार्पेट, पडदा राहणार, मग पहिल्यासारखं घुमेल का, सांगता येत नाही. आणि मावशीला आत्तासारखं ऐकू येईल का? "ते पण सांगता येत नाही."

म्हणजे दोघांचंही जाऊ शकतं.

३० नोव्हें., रविवार

ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. पाथर्डीकडची काही कुटुंबं आपल्यातली आहेत, ती दरवर्षी फडातून सुटली की रविवारी येतात. आज आले, मागे बसले. आमेन झालं. ती माणसं थांबली, डोळे मिटून. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

बाकी सगळे चपला शोधत होते.

एका बाईने डोळे उघडून वर बघितलं. मग मला विचारलं, "ताई, देवळाला काय झालं?"

मी म्हटलं, काम केलंय नवीन.

"चांगलं हाय," म्हणाली. पोराला कडेवर घेतलं आणि गेली.

२५ डिसें., नाताळ

पप्पांना सकाळी शर्ट इस्त्री करून दिला. घातला. दाराजवळ उभे राहिले, चप्पल पायात. मग म्हणाले, "तू हो पुढं." मी वाट बघितली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. आईची जागा आता सुनीताकडे आहे, छान गाते. चर्च इतकं सुंदर दिसत होतं, तारे, लाइट. मीच लावलेले.

आमेन झालं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा असं झालं की कोणीच थांबलं नाही. एकजणही नाही. आमेन, हॅपी ख्रिसमस, शेकहॅंड, केक. लहान मुलांना तर आता माहीतच नसणार कशासाठी थांबायचं.

मी थांबले. डेव्हिडने खांद्याला हात लावला, "ताई, झोपलीस काय?"

बाहेर आले तर पप्पा कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभे. आले होते तर! इस्त्रीचा शर्ट चुरगळलेला, म्हणजे बराच वेळ टेकून. पारूमावशी त्यांच्याशी बोलत होती. मी जवळ गेले. मावशी म्हणाली, "तात्याला सांगत हुते, आत बस माज्याजवळ. तुला येत न्हाई आईकू ते मी सांगीन, मला येत न्हाई ते तू सांग." पप्पा हसले. खूप दिवसांनी. आत मात्र गेले नाहीत.

२८ डिसें., रविवार

पुढच्या महिन्यात मीटिंग. माझा हात वर जाईल की नाही, मला माहीत नाही. वर गेला तर मावशीचा चेहरा. नाही गेला तर पप्पांचा.

आज उपासना सुटल्यावर शेतावर गेले. पप्पा कठड्याशी होतेच. मी बाजूला उभी राहिले. विहिरीत पाणी भरपूर, कडेला पारवे.

मी विचारलं, "येतं का पहिल्यासारखं?"

"न्हाय. हे खालून येतं. ते वरून यायचं." मग, "पर येतं."

जरा वेळाने म्हणाले, "तू म्हन."

"मी?"

"तू म्हनतच न्हाईस. गेल्तीस हॉस्टेलला, तवापास्नं ओठच हलवतेस. तुझ्या आईला ठाऊक हुतं. पुढं उभी र्‍हाऊन आईकायची ती."

मी कठडा धरला, वाकले. घसा साफ केला. लाज वाटली, पारव्यांचीसुद्धा. मग म्हटलं. जोरात.

"आमेन."

पारवे उडाले. त्यांच्या फडफडीत मला वाटलं गेलं, बुडालं. मग खालून आलं. जरा उशिरा, जाड होऊन. माझाच होता आवाज. पण असा माझा नसतो. असा आवाज मी ओळखते, गायन मंडळात सगळ्यांच्या पुढचा.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. डोळे मिटलेलेच होते.

"परत म्हन," म्हणाले.